हे समीकरण काय म्हणतंय?

“मॅडम, हे लिनिअर आहे.”

“ते कळलं. पण ते म्हणतंय काय?”

मुलगी गोंधळली. तिच्या वहीत सगळं बरोबर होतं. इंटिग्रेटिंग फॅक्टर नीट काढला होता, दोन्ही बाजूंना गुणला होता, इंटिग्रेशनही चुकलं नव्हतं. शेवटी ‘प्लस सी’ होता आणि उत्तराभोवती पेन्सिलीची चौकट. गणित होतं तापलेल्या धातूच्या गोळ्याचं. तो हवेत ठेवला तर किती वेळानं किती गार होईल, एवढाच प्रश्न. मी तिला विचारलं, “गोळा लालभडक असताना लवकर निवतो, की कोमट झाल्यावर?” तिनं उत्तर पाहिलं, प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हणाली, “मॅडम, हे विचारलेलं नाहीये.”

जे तिला सांगता येत नव्हतं, ते तिनं वहीच्या पहिल्याच ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. त्या ओळीचा अर्थच तो होता. ट्युटोरियल संपल्यावरही मी बराच वेळ त्या वर्गात बसून राहिले. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळणार. आणि तरी आपण तिला वाचायलाच शिकवलेलं नाही, हे मला फार लागलं.

कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी बावीस वर्षं गणित शिकवते. पहिल्या वर्षाला एम-टू, दुसऱ्या वर्षाला एम-थ्री. या दोन्ही पेपरांचा कणा म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स. मराठीत अवकल समीकरणं म्हणतात, मुलं नुसतं ‘डीई’ म्हणतात. कितीतरी घरांमध्ये हा शब्द ‘केटी’ (राहिलेला विषय) या शब्दाच्या जोडीनंच माहीत असतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची अवस्था आणखी कठीण. त्यांचं पहिलं वर्ष इथं झालेलंच नसतं आणि एम-थ्री पहिल्याच दिवसापासून सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन), पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल) यांची भाषा बोलायला लागतं.

हा विषय सहसा कसा शिकवला जातो? टाइप पाडून. व्हेरिएबल सेपरेबल, होमोजीनियस, एक्झॅक्ट, नॉन-एक्झॅक्ट आणि त्याचे नियम, लिनिअर, बर्नुली. प्रत्येक टाइपची एक रीत, प्रत्येक रीतीची वीस गणितं. मुलं पटाईत होतात. समीकरण दिसलं की दोन सेकंदांत टाइप सांगतात. एसटी स्टँडवर उभं राहून गाडी साधी की निमआराम हे रंगावरून ओळखता यावं, पण पाटीवरचं गाव वाचता येऊ नये, तसं हे झालं. मी स्वतः एम.एस्सी. होईपर्यंत गाव न वाचताच या गाड्यांमधून हिंडले. म्हणून त्या मुलीला दोष द्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

आता गणिताचा धसका घेतलेल्या वाचकासाठी थोडं सांगते. साध्या समीकरणाचं उत्तर एक आकडा असतो. एका संख्येच्या दुपटीत तीन मिळवले तर अकरा होतात, तर ती संख्या चार. अवकल समीकरणाचं उत्तर आकडा नसतो, ती एक अख्खी हकीकत असते: एखादी गोष्ट काळाबरोबर कशी बदलत गेली याची. आणि समीकरण स्वतः काय सांगतं? या क्षणी ती गोष्ट कोणत्या वेगानं बदलते आहे आणि तो वेग कशावर अवलंबून आहे, एवढंच. पुढं काय होणार हे ते सांगत नाही. ‘आत्ता’चा नियम तेवढा सांगतं. आत्ताच्या नियमातून पूर्ण हकीकत उभी करायची, याला समीकरण सोडवणं म्हणतात. पण नियम वाचता आला नाही, तर उभी राहिलेली हकीकत कुणाची, हे कसं कळणार?

त्या दिवसानंतर मी पहिला तास बदलला. स्टीलच्या पेल्यात कॅन्टीनचा चहा आणि फिजिक्स लॅबमधला थर्मामीटर घेऊन वर्गात जाते. फळ्यावर काहीच लिहीत नाही. एक जण घड्याळ पाहतो, एक जण तापमान वाचतो. एका वर्षीचे आकडे माझ्या डायरीत आहेत. खोलीचं तापमान २८ अंश, चहा ७८. पाच मिनिटांनी ६८. मग मी विचारते, अजून पाच मिनिटांनी किती? बहुतेक जण म्हणतात, ५८. दहा अंश उतरले ना, मग आणखी दहा उतरतील. मागच्या बाकावरचा एखादा म्हणतो, “नाही मॅडम, कमी उतरेल. आता तेवढा गरम राहिला नाही.”

बस्स. त्यानं अवकल समीकरण सांगितलं. चहा किती वेगानं निवेल हे तो खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. सुरुवातीला फरक ५० अंशांचा होता, पाच मिनिटांत तो ४० झाला, म्हणजे चार पंचमांश उरला. पुढच्या पाच मिनिटांत ४० चा चार पंचमांश उरेल, ३२. म्हणजे चहा ६० अंशांवर असेल. त्याच्या पुढं पाच मिनिटांनी साधारण ५३.६. मुलं थर्मामीटरकडं डोळे लावून बसतात. त्या वर्षी प्रत्यक्षात आले ६१ आणि साडेपंचावन्न.

“मग मॅडम, न्यूटन चुकला?”

या प्रश्नाची मी वर्षभर वाट पाहते. हा नियम न्यूटननं १७०१ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये मांडला, लॅटिनमध्ये आणि स्वतःचं नाव न घालता. त्याच्याकडं जवसाच्या तेलाचा थर्मामीटर होता. लाल तापलेलं लोखंड मोजणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून त्यानं ते लोखंड वाऱ्यावर निवायला ठेवलं, किती वेळानं ते मोजता येण्याजोगं होतं ते पाहिलं आणि नियम धरून उलट हिशेब करत मूळ तापमान काढलं. थर्मामीटर पोचत नव्हता तिथं समीकरण पोचलं. आमच्या चहाचं मात्र वेगळं होतं. उघड्या पेल्यातून वाफ जात होती आणि वाफ खूप उष्णता घेऊन जाते. चहा कढत असताना ती जास्त, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत तो नियमापेक्षा जोरात निवला आणि त्या पाच मिनिटांवरून आम्ही पुढचा अंदाज बांधला. मग दुसऱ्या पेल्यावर बशी झाकून तोच प्रयोग केला. आकडे नियमाच्या पुष्कळ जवळ आले. आपण वाक्य लिहिलं तेव्हा त्यातून वाफ वगळली होती, हे मुलांना पेल्यावरच्या बशीनं शिकवलं. समीकरण म्हणजे निसर्गाबद्दल आपण केलेलं विधान. ते आपलं असल्यामुळं त्यात काय घेतलं आणि काय सोडलं, याची जबाबदारीही आपली. ज्याला उद्या पूल बांधायचा आहे किंवा बॉयलर चालवायचा आहे, त्याला हे पहिल्या वर्षीच कळायला हवं.

‘प्लस सी’बद्दलही सांगायलाच हवं. मुलं तो शेवटी सवयीनं चिकटवतात. वेग वायइतकाच आहे, असं समीकरण असेल तर लॉग वाय बरोबर एक्स अधिक सी. इथं सी वेळेवर लिहिला, तर उत्तरात तो गुणाकारात येतो. विसरून शेवटी जोडला, तर उत्तर ई-चा-एक्स-घात अधिक सी होतं आणि ते साफ चूक. यात मार्क जातात म्हणून मुलं तो लक्षात ठेवतात. मला मात्र त्यांनी दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवायला हवा आहे. सी म्हणजे सुरुवात. चहा किती अंशांवर असताना आपण घड्याळ सुरू केलं, ते सी मध्ये आहे. नियम सगळ्या पेल्यांना एकच, पण प्रत्येक पेल्याची हकीकत वेगळी. ते वेगळेपण त्या एका अक्षरात असतं.

आणि कधीकधी सुरुवात कळतच नाही. तळाला भोक पडलेली बादली घ्या. पाणी किती वेगानं जाईल हे पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतं, ही टॉरिचेलीची सतराव्या शतकातली देणगी. आता तुम्हाला ती बादली रिकामी सापडली. ती किती वाजता भरलेली होती? सांगता येणार नाही. तासापूर्वी रिकामी झाली असेल, काल झाली असेल. समीकरण पूर्ण माहीत आहे, आत्ताची स्थितीही माहीत आहे, तरीही मागचा इतिहास एकच नाही. पुस्तकात यासाठी उत्तराच्या एकमेवतेचं प्रमेय येतं आणि परीक्षेत विचारत नाहीत म्हणून ते ऑप्शनला टाकलं जातं. रिकाम्या बादलीसमोर उभं राहून मुलं त्यावर अर्धा तास वाद घालतात, हे मी पाहिलेलं आहे.

वाचायला शिकवण्याची सगळ्यात चांगली युक्ती मला माझ्या अंगणात सापडली. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना हात थबकला. ठिपके आधी येतात, नक्षी नंतर. समीकरणाचंही तसंच करता येईल. आलेखाच्या कागदावर अकरा ओळींत अकरा ठिपके काढायचे. समीकरण असं: उतार म्हणजे एक्स वजा वाय. प्रत्येक ठिपक्यावर जाऊन हे वाक्य वाचायचं आणि तेवढ्या उताराची एक बारकी काडी तिथं ओढायची. एक्स आणि वाय सारखे असतील तिथं काडी आडवी. एक्स मोठा तिथं चढती, वाय मोठा तिथं उतरती. एकशे एकवीस काड्या. इंटिग्रेशन नाही, टाइप नाही, एकही सूत्र नाही.

मग कुठल्याही ठिपक्यावर पेन्सिल ठेवायची आणि काड्या नेतील तिकडं जायचं. पहिल्यांदा हे करवलं, तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी एकदम ओरडली, “मॅडम, सगळ्या एकाच रेषेला जाऊन मिळतायत!” खरंच, कुठूनही निघा, वक्र हळूहळू एका तिरक्या सरळ रेषेला जाऊन बिलगतात. ती रेषा म्हणजे वाय बरोबर एक्स वजा एक. नंतर आम्ही लिनिअरच्या रीतीनं तेच समीकरण सोडवलं, तेव्हा उत्तरात एक्स वजा एक होता आणि पुढं एक लवकर विरून जाणारं पद. त्या दिवशी ते पद कुणाला पाठ करावं लागलं नाही. विरून जाताना त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

याच कागदावर पुढच्या तासाला मी उतार बदलते: एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग. दिसायला किती साधं. मुलं लगेच टाइप शोधायला लागतात. सेपरेबल नाही. होमोजीनियस नाही. लिनिअर नाही. एक्झॅक्ट करायचे सगळे नियम लावून होतात. वीस मिनिटांनी वर्ग गप्प होतो. मग मी सांगते की फ्रान्सच्या लिउव्हिलनं १८४१ मध्ये सिद्ध केलं, या जातीच्या समीकरणाचं उत्तर आपल्या ओळखीच्या फंक्शन्समधून आणि इंटिग्रेशनच्या साखळीतून काढताच येत नाही. तुम्ही कमी पडला नाहीत, ती वाटच नाही. काही मुलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी सुटका दिसते, ती मला फार मोलाची वाटते. बारावीपासून त्यांचा समज असतो की प्रत्येक गणिताला मागच्या पानावर उत्तर असतं. प्रत्यक्ष इंजिनिअरिंगमध्ये येणारी बहुतेक समीकरणं अशाच, न सुटणाऱ्या कुळातली असतात.

मग करायचं काय? काड्यांवरून चालायचं. ऑयलरनं १७६८ च्या आपल्या ग्रंथात हीच रीत दिली: आत्ताचा उतार वाचा, त्या दिशेनं एक छोटं पाऊल टाका, थांबा, पुन्हा वाचा. ‘उतार वायइतकाच’ हे समीकरण घेऊन आम्ही एकपासून निघतो आणि एक्स शून्यापासून एकपर्यंत नेतो. दहा पावलांत गेलं तर २.५९ येतं, शंभर पावलांत २.७०. खरं उत्तर २.७१८. पाऊल लहान, चूक लहान. पुढं रुंग आणि कुटा यांनी याच कल्पनेला धार लावली. आज कॉम्प्युटरवर होणारी हवामानापासून रॉकेटपर्यंतची आकडेमोड मुळात अशीच चालते: थांब, वाच, पाऊल टाक. वाचणं मात्र सुटत नाही.

या सगळ्यानंतर मी ट्युटोरियलला एक नियम केला. समीकरण सोडवण्याआधी ते मराठीत एका वाक्यात लिहायचं. माझ्या युनिट टेस्टमध्ये त्याला पाचातले दोन मार्क. सुरुवातीला कुरकुर झाली. “मॅडम, युनिव्हर्सिटीत याला मार्क नाहीत.” खरं आहे, नाहीत. तरीही मी हटले नाही.

त्याच वर्षी डिप्लोमाहून आलेला एक मुलगा, तीनदा एम-थ्रीला अडकलेला, टाकीच्या गणितावर थांबला. पुस्तकात मिठाच्या पाण्याची टाकी असते. त्यानं मिठाच्या जागी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, लिहिलं. त्याचे वडील गावच्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम बघतात, रोज टाकीत टीसीएल पावडर टाकतात. त्यानं घरचेच आकडे घातले: टाकी १०,००० लिटरची, मिनिटाला ५० लिटर पाणी येतं आणि तेवढंच गावात जातं. त्याचं वाक्य अजून माझ्याकडं आहे: ‘टाकीत जेवढं औषध आहे त्याचा दोनशेवा भाग दर मिनिटाला बाहेर जातो.’ त्यावरून हिशेब आला की औषध निम्मं व्हायला सुमारे १३९ मिनिटं लागतात आणि दहावा भाग उरायला ४६० मिनिटं, म्हणजे पावणेआठ तासांच्या आसपास. क्लोरीन स्वतःही कमी होत जातो, तो हिशेब यात नाही, हेही त्यानं खाली लिहिलं होतं. पेल्यावरची बशी त्याच्या लक्षात राहिली होती.

घरी जाऊन त्यानं वडिलांना विचारलं, की मग वाडीच्या टोकाला दुपारी पाणी जातं तेव्हा काय? वडील म्हणाले, म्हणूनच तर टाकीच्या झाकणाजवळ तोटी बसवलेली कॅन टांगलीय, त्यातून दिवसभर थेंबथेंब सोडतो. मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये आला तो बसलासुद्धा नाही. “मॅडम, उजव्या बाजूला शून्य नाही, तिथं कॅन आहे!” नॉन-होमोजीनियस समीकरण म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं शिकवत आले. इतक्या नेमकेपणानं मला ते कधीच सांगता आलं नव्हतं. सीएफ म्हणजे टाकी एकटी असती तर झालं असतं ते. पीआय म्हणजे थेंबथेंब येत राहिल्यामुळं शेवटी स्थिरावतं ते. त्याची केटी त्या हिवाळ्यात सुटली.

सेकंड ऑर्डर समीकरणासाठी आम्ही पार्किंगमध्ये जातो. स्कूटरची सीट दाबायची आणि सोडायची. चांगल्या शॉकअपची गाडी वर येऊन थांबते. तेल गळालेल्या शॉकअपची गाडी वरखाली, वरखाली होत राहते. फळ्यावर जेव्हा मुळं संमिश्र येतात, तेव्हा मुलं ‘कॉम्प्लेक्स रूट्स’ लिहून साइन-कॉसचं सूत्र ओततात. पार्किंगमध्ये मी एवढंच विचारते, कुठल्या गाडीची मुळं संमिश्र आहेत? हात लगेच बरोबर गाडीकडं जातात.

एक प्रकरण मी दरवर्षी शिकवते, अभ्यासक्रमात नसलं तरी. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि पुढं तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे आपल्याकडं शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण मुंबईच्या प्लेगचे आकडे पुढं कुठं गेले, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ते एडिंबराला गेले. तिथं कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या दोघांनी १९२७ मध्ये साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. मॅककेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचं काम पाहिलेले. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पुढचं सगळं गणित त्यांनी न बघता केलं.

त्यांची समीकरणं मराठीत अशी वाचता येतात. निरोगी माणसं जितकी आणि आजारी माणसं जितकी, त्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात नवे आजारी होतात, कारण लागण व्हायला दोन्ही लागतात. आणि आजाऱ्यांपैकी ठरावीक भाग दररोज त्या यादीतून बाहेर पडतो, बरा होऊन किंवा मरून. एवढंच. या वाक्यांतून साथ आधी हळू, मग वेगानं चढते आणि सगळ्यांना लागण होण्याआधीच उतरायला लागते, कारण निरोगी माणसं विरळ होतात. हे पडताळून पाहायला त्यांनी मुंबई बेटावरचे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवडेवार मृत्यू घेतले. त्यांच्या सूत्रात साथीचं टोक सतराव्या आठवड्यात येतं, आठवड्याला ८९० मृत्यूंवर. ठिपके आणि वक्र एकमेकांवर असे बसतात की पाहणारा चकित होतो. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली असते आणि त्यांचं समीकरण तेवढं खोल जात नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात मोकळेपणानं मांडलं. आकडे जुळले म्हणून वाक्य खरं ठरत नाही. करोनाच्या काळात ऑनलाइन तासाला मी हा आलेख दाखवला, तेव्हा रोज टीव्हीवर वक्र पाहणारी मुलं पहिल्यांदा त्यातला प्रत्येक ठिपका मोजायला लागली. एका मुलानं चॅटमध्ये लिहिलं, ‘मॅडम, हे ८९० म्हणजे माणसं आहेत ना?’

आता कोयनेकडं येते. खरं म्हणजे हे सगळं मी तिथं पोचण्यासाठीच लिहिते आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला. जवळपास दोनशे माणसं गेली. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. तो भूकंप कोयना धरणातच बसवलेल्या एका यंत्रावर नोंदवला गेला: जमीन क्षणाक्षणाला किती झटक्यानं हलली याची रेघ. आडव्या दिशेचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास गेला होता. धरणाच्या अगदी जवळ अशी नोंद मिळणं फार दुर्मीळ, म्हणून ती रेघ जगभरच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळांत पोचली. आमच्या कॉलेजातल्या सिव्हिलच्या एका सहकाऱ्यानं मला ती पहिल्यांदा कॉम्प्युटरवर दाखवली. फाइलचं नाव नुसतं ‘कोयना’.

१०३ मीटर उंचीचं ते धरण. डिझाइन करताना भूकंपाचा जोर म्हणून धरणाच्या वजनाच्या पाच टक्के एवढा स्थिर आडवा भार धरला होता. त्या काळी जगभर तसंच करत. त्या हिशेबात काळ नव्हता. धरण ताठ उभं राहतं आणि त्याला एक हात ढकलतो, एवढंच त्यात. त्या हिशेबानं धरणाला तडे जायचं कारण नव्हतं. पण तडे गेले, तेही बुडाशी नाही तर वर, सुमारे ६६ मीटर उंचीवर, जिथं मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. पुढं बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी कोयनेच्या नोंदीतली तीच रेघ अवकल समीकरणाच्या उजव्या बाजूला ठेवून धरणाचा हिशेब केला. डाव्या बाजूला तीन पदं, स्कूटरच्या सीटची होती तीच: वस्तुमान, शॉकअप, स्प्रिंग. आणि ताण सगळ्यात जास्त आला तो बरोबर त्या मानेपाशी. धरण ढकललं गेलं नव्हतं, ते झुललं होतं. नंतर उंच भागांना मागून आधाराच्या भिंती देऊन ते मजबूत करण्यात आलं आणि आजही ते उभं आहे.

हे समीकरण मी मुलांना वाक्यात लिहायला देते. गेल्या वर्षी पाटणच्याच एका मुलीनं लिहिलं, ‘जमीन पुढं जाते, माथा मागं राहतो, मग माथा धावत येतो तोवर जमीन परत फिरलेली असते.’ मी तिला पाचातले पाच दिले, समीकरण सोडवण्याआधीच.

त्या रेघेची प्रिंट काढून मी घरी नेली होती. आई भाजी निवडत होती. मी सांगितलं, हा तुमचा भूकंप. तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि कागद उजेडाकडं धरला. “एवढाच? किती वेळाचा हाय ह्यो?”

“दहा सेकंद, आई.”

ती काही बोलली नाही. रेघेच्या सुरुवातीला तिनं बोट ठेवलं आणि हळूहळू पुढं नेत राहिली, उंच टोकांवरून, मग लहान होत जाणाऱ्या लाटांवरून. शेवटाजवळ बोट थांबलं. “हितं आण्णांनी मला घोंगडीसकट उचलून आंगणात आणलं हुतं,” ती म्हणाली. मग बोट थोडं मागं घेतलं. “आन् हितं मागची भिंत पडली.”